१ मिनिट १७ सेकंद : 'वाइल्डलाइफ अ‍ॅनालिसिस' नसता तर काय बिघडलं असतं?

साडेतीनमात्रा

इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणारे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तरी काडी टाकून बघतो.

बोर्ड्स ऑफ कॅनडा हे स्कॉटलंडमधल्या दोन भावांच्या बँडचं नाव. माइक सँडिसन आणि मार्कस आयन. भाऊ असल्याचं त्यांनी २००५ पर्यंत जाहीर होऊ दिलं नव्हतं, इतके ते प्रसिद्धीला लाजरे. १९९८ च्या एप्रिलमध्ये वॉर्प आणि स्कॅम या कंपन्यांनी मिळून त्यांचा 'म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन' काढला. मुखपृष्ठावर सहलीला गेलेल्या एका कुटुंबाचा निळसर हिरवा फोटो आहे. सात माणसं, आणि सातही चेहरे पुसलेले. या तासाभराच्या अल्बमचा पहिला तुकडा म्हणजे 'वाइल्डलाइफ अ‍ॅनालिसिस', १ मिनिट १७ सेकंदांचा. त्याला लागून येणारा 'अ‍ॅन ईगल इन युअर माइंड' सहा मिनिटांच्या वर जातो. म्हणून बहुतेक लोक पहिला तुकडा म्हणजे नुसतं दार उघडल्याचा आवाज समजतात आणि पुढे जातात.

मला तो पूर्ण अल्बममधला सगळ्यात कामाचा तुकडा वाटतो. नीट ऐका. ठेका नाही, शब्द नाहीत. सिंथेसायझरवर एक साधी, सावकाश चाल येते आणि पुन्हा येते. लांब धरलेला स्वर जागेवर राहत नाही. किंचित खाली घसरतो, सावरतो, परत वर येतो. शाळेत पडद्यावर माहितीपट दाखवायचे तेव्हा नावं सरकत असताना मागे असंच काहीतरी वाजायचं. सव्वा मिनिटात काही घडत नाही. चाल विरून जाते.

माझं म्हणणं असं, की हा तुकडा पुढच्या गाण्यांची ओळख करून देतच नाही. पुढे तासभर जे येणार आहे ते बेसूर वाटू नये म्हणून तो आधीच आपले कान बिघडवून ठेवतो. याच अल्बममधलं 'रॉयजीबिव्ह' थेट लावून बघा, त्यातले स्वर कलंडलेले वाटतील. अल्बम पहिल्यापासून ऐकत त्याच 'रॉयजीबिव्ह'ला पोचा, तो सरळ वाटेल.

पटतंय का? शिव्या चालतील, पण ऐकून द्या.

निरुद्योगी

रुमाल टाकून ठेवतो. हेडफोन ऑफिसात राहिलाय.

भैरवीनंतर

ऐकला. दोनदा ऐकला, म्हणजे अन्याय नको.

धागाकर्ते, तुमची भाषा छान आहे, पण ७७ सेकंदांच्या तुकड्यावर एवढा मजला चढवायची गरज आहे का? आमच्याकडे आलाप असतो. त्यात राग उभा राहतो. वादी-संवादी कळतात, कुठे न्यास आहे कळतं, पुढच्या बंदिशीची जमीन तयार होते. यात काय उभं राहिलं? त्या चालीचा पुढच्या गाण्याशी काही संबंध नाही. ती परत कुठे येत नाही. याला प्रस्तावना म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी सीडी भरायला टाकलेला तुकडा म्हणेन. असे तुकडे त्या अल्बममध्ये अर्धा डझन तरी आहेत.

साडेतीनमात्रा

आलाप नाहीच तो, तिथे तुमच्याशी वादच नाही. चाल परत येत नाही हेही खरं. पण पुढे नेतो तो 'चाल' नाहीच, स्वराची डळमळ नेतो. आलापाच्याही आधी तंबोरा जुळवतात ना, तेवढंच काम. फरक इतकाच की इथे जुळवायच्या ऐवजी मोजून उतरवलाय.

छोटे तुकडे भरताड नाहीत. 'द कलर ऑफ द फायर', 'काइनी इंडस्ट्रीज', 'बोकुमा', 'ओल्सन' हे सगळे दोन मिनिटांच्या आतले आहेत आणि मला विचाराल तर लोकांना आठवतात तेच. 'काइनी' तर मिनिटभराचासुद्धा नाही.

टेपदुरुस्ती

मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण डळमळीचं कळतं. पोटापाण्यासाठी बरीच वर्षं टेपरेकॉर्डर उघडले आहेत.

गिऱ्हाईक यायचं ते "लताबाईंचा आवाज जाड येतोय" म्हणत. उघडून बघावं तर बेल्ट सैल, नाहीतर पिंच रोलरचं, म्हणजे फीत दाबून धरणाऱ्या चाकाचं, रबर गुळगुळीत झालेलं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून सरकली पाहिजे. वेग एक टक्क्याने चुकला की स्वर साधारण १७ सेंट हलतो. शेजारच्या पट्टीत जायला १०० सेंट लागतात, म्हणजे १७ काही फार नाहीत. पण वेग स्थिर चुकला तर कानाला कळत नाही, आणि वर-खाली व्हायला लागला की लगेच कळतं. सेकंदाला चारेक हेलकावे असतील तर सगळ्यात जास्त खुपतं. याच कारणासाठी वेग मोजायच्या यंत्रांत त्या भागाला जास्त वजन दिलेलं असतं. त्याहून मंद हेलकावा मात्र खुपत नाही. तो ऐकताना काहीतरी होतंय एवढंच वाटत राहतं.

तुमचा तुकडा चांगल्या स्पीकरवर ऐकला. हेलकावा त्या मंद जातीचा आहे. बिघडलेल्या मशीनचा इतका शिस्तीत येत नाही. तिथे कॅप्स्टन, म्हणजे फीत ओढणारा दांडा, वाकडा असेल तर थरथर भराभर येते, रीळ घासत असेल तर प्रत्येक फेऱ्याला एकदा झोल बसतो.

आता एक गंमत. असा आवाज दोन रस्त्यांनी काढता येतो. अख्खी फीतच हलवायची, किंवा सिंथेसायझरच्या आत मंद ऑसिलेटर लावून स्वर हलवायचा. ओळखायचं कसं? फीत हलली की सगळं मिळून हलतं. वाद्य, त्याची घुमार, मागची खरखर, सगळं एकाच वेळी. वाद्याच्या आत हलवलं तर एकेक सूर आपापला हलतो आणि घुमार मागे रेंगाळते. डोळे मिटून फक्त शेपटाकडे, म्हणजे सूर विरतो तिथे, लक्ष द्या.

साडेतीनमात्रा

दंडवत घ्या. या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं म्हणायला हरकत नाही. त्या दोघांनी मुलाखतींतून सांगितलंय की आवाज मुद्दाम टेपवर घेऊन खराब करणं ही त्यांची नेहमीची रीत आहे. एडिनबराजवळच्या पेंटलंडच्या टेकड्यांत त्यांचा स्टुडिओ आहे, हेक्सागॉन सन नावाचा. तिथे जुन्या यंत्रांची कमतरता नसावी.

प्राजक्ता_ठाणे

हा धागा संगीतापुरता ठेवू नका, कारण या मंडळींचं नावच फिल्मवरून आलंय. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा. लहानपणी यांचं कुटुंब काही काळ अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत होतं, आणि या बोर्डाच्या माहितीपटांचा त्यांच्यावरचा परिणाम त्यांनी वारंवार सांगितलाय.

त्या बोर्डाची मुळंही स्कॉटलंडमध्येच निघतात. १९३९ मध्ये तो उभा केला जॉन ग्रिअर्सनने. स्कॉटिश माणूस. त्याने तिथे बोलावून घेतलेला नॉर्मन मॅकलॅरनही स्टर्लिंगचा. मॅकलॅरन फिल्मवर हाताने चित्रं काढायचा हे अ‍ॅनिमेशनवाल्यांना ठाऊक असतं. तो आवाजही काढायचा, अक्षरशः. सोळा किंवा पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला कडेने ध्वनीची पट्टी असते. प्रोजेक्टरचा दिवा तिच्यातून जातो आणि उजेड कमी-जास्त होतो त्याचा आवाज बनतो. मॅकलॅरन त्या पट्टीवर आपले पट्टे टाकायचा, म्हणजे वाद्य न वाजवता संगीत. १९७१ च्या 'सिंक्रोमी'त तर तेच पट्टे रंग भरून पडद्यावरही दाखवले आहेत. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि सरकारी माहितीपट यांचं नातं इतकं जुनं आहे.

अल्बममधलं शेवटाकडचं एक गाणं आहे, 'पीट स्टँडिंग अलोन'. ते अल्बर्टातल्या काइनाई जमातीच्या माणसाचं नाव आहे. त्याच्यावर फिल्म बोर्डाने १९६० मध्ये 'सर्कल ऑफ द सन' काढला होता, दिग्दर्शक कॉलिन लो. म्हणजे 'वाइल्डलाइफ अ‍ॅनालिसिस' हे शीर्षक मला तरी गाण्याचं वाटतच नाही. फिल्मच्या डब्यावर चिकटवलेलं लेबल वाटतं.

अवांतर : मुंबईशीही धागा जुळतो. याच बोर्डात घडलेले जेम्स बेव्हरिज १९५० च्या दशकात मुंबईत बर्मा शेलच्या चित्रपट विभागाचं काम बघत होते. फिल्म्स डिव्हिजन आपल्याकडे १९४८ ला सुरू झालं. थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांचे माहितीपट बघावेच लागायचे. तेव्हा लोक बाहेर चहा पीत बसायचे, ती गोष्ट वेगळी.

भैरवीनंतर

प्राजक्ताताई, माहिती उत्तम. पण यातूनच माझी दुसरी शंका निघते. ही आठवण कोणाची? कॅनडाच्या सरकारने काढलेले माहितीपट, बघितले स्कॉटलंडच्या पोरांनी. मान्य, त्यांना गहिवरून येत असेल. मिरजेत वाढलेल्या माणसाने त्यात स्वतःचं बालपण शोधायचं म्हणजे दुसऱ्याच्या आल्बममधल्या फोटोला "आमचे आजोबा" म्हणण्यासारखं झालं. आणि चेहरे पुसलेले आहेत, म्हणजे सोयच.

निरुद्योगी

=)) चेहरे पुसलेत म्हणजे सोयच! हे फार म्हणजे फार आवडलं.

मावळतीकर

भैरवीनंतर यांचा प्रश्न चांगला आहे, पण उत्तर आठवणीत शोधू नका, यंत्रात शोधा.

फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे तेव्हा टीव्ही पाल पद्धतीचा होता, सेकंदाला २५ चौकटी. चोवीसची फिल्म पंचविसात बसवायची सोपी युक्ती म्हणजे ती तशीच जरा जोरात पळवायची. तेच करत. वेग चार टक्क्यांच्या थोडा वर वाढतो आणि आवाज जवळजवळ ७१ सेंटने चढतो. दूरदर्शनवरच्या रविवारच्या सिनेमातलं गाणं पेटीवर धरायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना हे माहीत असेल. काळी चारचं गाणं धड काळी चारमध्ये नाही, धड पांढरी सहामध्ये नाही. पेटी हलवता येत नाही आणि टीव्ही ऐकत नाही. तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपायचा ते वेगळंच.

कॅनडा-अमेरिकेत टीव्हीची पद्धत वेगळी. तिथे चौकटी पुन्हापुन्हा दाखवून हिशेब जुळवत, त्यामुळे सूर जवळपास मूळ जागी राहायचा. आता विचार करा. कॅलगरीत एखादा माहितीपट टीव्हीवर बघितलेलं पोर स्कॉटलंडला परतलं आणि तोच माहितीपट तिथल्या टीव्हीवर लागला, तर शीर्षकसंगीत पाऊण पट्टी चढलेलं येणार. चाल तीच, जागा वेगळी. या दोघांच्या बाबतीत नेमकं असं घडलं असा माझा दावा नाही. पण ओळखीची चाल चुकीच्या जागी ऐकू येणं हा त्या काळच्या टीव्हीचा रोजचा भाग होता, तिकडेही आणि इकडेही.

म्हणून मिरजेच्या माणसाला जे ओळखीचं वाटतं ते कॅनडा नाही. सोळा मिलिमीटरची फिल्म, मॅग्नेटिक टेप, एकच छोटा स्पीकर, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं खोकं. ही साखळी ब्रिटनमध्ये होती तशीच मुंबई दूरदर्शनवरही होती. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा बातम्यांचं चित्रीकरणसुद्धा फिल्मवर व्हायचं.

प्राजक्ता_ठाणे

हे पटलं. आणि आवाजाचा हा थर मेंदूत फार खोल बसतो. आकाशवाणीची सकाळची धून घ्या. वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराने ती १९३० च्या दशकात केली. ती कुठल्या रागात आहे हे न कळणाऱ्यांनाही व्हायोलिनच्या मागची खरखर आठवते. आज कोणी स्टुडिओत स्वच्छ वाजवून दिली तर ती खोटी वाटेल.

साडेतीनमात्रा

नेमकं. संकेतधून! मला शब्द सापडत नव्हता. 'वाइल्डलाइफ अ‍ॅनालिसिस' ही अस्तित्वात नसलेल्या केंद्राची संकेतधून आहे. संकेतधून छोटीच असते, ती विकसित होत नाही आणि कार्यक्रमात परत येत नाही. भैरवीनंतर यांचे तिन्ही आक्षेप खरे आहेत आणि तिन्ही तिच्या बाजूने जातात.

पेंटलंडच्या_पायथ्याशी

एडिनबरातून वाचतेय. कामानिमित्त इथे आहे, मूळची रत्नागिरीची.

पेंटलंड म्हणजे काही गूढ जागा नाही, शहराच्या दक्षिणेला बस जाते. मेंढ्या, दगडी कुंपणं, पाण्याचे साठे. पायथ्याला कृत्रिम स्कीची उतरण आहे, रविवारी पोरंटोरं भरपूर. हा बँड म्हटला की लोक लगेच धुकं, शेकोटी आणि जंगलातली विचित्र मंडळी असं चित्र रंगवतात. मला हा अल्बम डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर, ओल्या खिडकीशी बसून सर्वांत बरा लागतो. ऊन पडलं की तो चक्क पोरकट वाटतो. आणि ऊन इथे क्वचित, त्यामुळे त्यांचं बरं चाललंय.

मावळतीकरांच्या मुद्द्यावर ऑफिसातल्या एका पन्नाशीच्या सहकाऱ्याला पहिला तुकडा ऐकवला, नाव न सांगता. तो म्हणाला, शाळेचा टीव्ही. इथे वर्गात चाकांच्या उंच घोडीवर ठेवलेला टीव्ही ढकलत आणायचे म्हणे. कार्यक्रम कुठला ते त्याला सांगता येईना.

निरुद्योगी

हेडफोन मिळाला. रुमाल उचलतो.

तुकडा चांगलाय. पण धागाकर्ते, यांच्याच इतर अल्बमांच्या सुरुवाती बघितल्या तर हा सगळ्यात भाबडा वाटतो. २००२ च्या 'जिओगाडी'चा 'रेडी लेट्स गो' एका मिनिटाचा, त्यात काहीतरी वाईट होणार याची चाहूल आहे. तो अल्बम मुद्दाम ६६ मिनिटं ६ सेकंदांवर आणलाय आणि त्यासाठी शेवटी चक्क शांततेचा ट्रॅक जोडलाय. ६६६ म्हणजे सैतानाचा आकडा, तेव्हा इरादा स्पष्ट. २००५ चा 'कँपफायर हेडफेज' उघडतो 'इन्टू द रेनबो व्हेन'ने, पाऊण मिनिटाचा. मला तो आठवतही नाही. आणि २०१३ च्या 'टुमॉरोज हार्वेस्ट'चा 'जेमिनाय' सुरू होतो तो जुन्या व्हिडिओ कॅसेटवर कंपनीचं बोधचिन्ह येताना वाजतं तशा तुतारीने. काही सेकंदांचा विनोद आणि मग एकदम थंडगार. माझं मत 'जेमिनाय'ला. तिथे संकेतधून खरोखर वाजते आणि लगेच तिचा गळा दाबला जातो.

साडेतीनमात्रा

'जेमिनाय' जास्त हुशार आहे, यात शंका नाही. पण ती तुतारी "मी जुन्या टीव्हीचा आवाज आहे" असं ओरडून सांगते. १९९८ मध्ये त्यांना सांगावं लागलं नाही. 'रेनबो व्हेन'बद्दल सहमत, तो नसता तरी चाललं असतं.

टेपदुरुस्ती

शेपूट ऐकलं का कोणी? का नुसतेच गप्पा मारताय?

मावळतीकर

ऐकलं, काका. मला सगळं मिळून हलल्यासारखं वाटलं. म्हणजे फीत. पण शपथेवर सांगणार नाही. माझ्याकडे फोनवरची दाबलेली फाइल आहे, त्यात शेपटाचा बारकावा आधीच खाल्लेला असतो.

पेंटलंडच्या_पायथ्याशी

फोनवर ऐकणाऱ्यांनी आणखी एक करा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड चालू असतो, म्हणजे एक गाणं संपत असतानाच दुसरं वर चढतं. दहा-बारा सेकंदांचा क्रॉसफेड सहा मिनिटांच्या गाण्याला जाणवत नाही, पण ७७ सेकंदांच्या तुकड्याचा सातवा हिस्सा खातो, आणि नेमकी चाल विरते तो भाग. शफलही बंद करा. मध्येच कुठल्यातरी भावगीतानंतर हा तुकडा लागला तर फोन बिघडल्यासारखं वाटतं. माझ्या नवऱ्याने खरंच फोन आपटून बघितला होता.

भैरवीनंतर

क्रॉसफेड चालू होता. बंद केला. हेडफोन लावून पुन्हा ऐकला, शेपटासकट.

संकेतधून म्हणून मान्य करतो. तिला प्रस्तावना म्हणाल तर भांडेन. आणि तो पुढचा गरुडवाला सहा मिनिटांचा प्रकार अजूनही निम्मा कापायला हवा, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भेटू.

साडेतीनमात्रा

काढतो. शीर्षक तुम्हीच सुचवा, म्हणजे नंतर तक्रार नको.

टेपदुरुस्ती

त्या धाग्यात कोणीतरी सीडीवरून ऐकलेलं लिहा रे. दाबलेल्या फाइलीवर मी मत देणार नाही.